पंडरीवालीचं सुतक

इथले भुताखेतांचे अनुभव मी तीन-चार वर्षांपासून वाचते आणि खरं सांगू का, बरेचदा हसते. कुणाला पांढरी बाई दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात... वाचायचं, हसायचं, मोबाईल ठेवायचा अन् कुकर लावायचा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली. सकाळी सातपासून लोकांच्या दंडाला रबर बांधते आणि रक्त काढते. रिपोर्टमध्ये येईल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा — हा माझा साधा हिशेब. सासूबाई एकादशी धरतात, मी त्या दिवशी लॅबमध्ये समोसा खाते. भांडण नाही.

तरी हे लिहायला बसले, कारण नवरा वैतागला. "तू हे मले चाळीस वेळा सांगितलं, आता लोकांले सांग," म्हणाला. तर सांगते. यात भूत नाही, आधीच सांगून ठेवते. भुताची हौस असेल त्यांनी पुढची पोस्ट उघडावी.

आम्ही रायपूरचे. बुढापाऱ्यात तलावाकडून आत आलं की चौथ्या गल्लीत आमचं घर. सासर पिंपळकर — भोसल्यांच्या काळापासून इथंच. मी माहेरची वर्ध्याची. लग्न होऊन आले त्याच महिन्यात एक दिवस दारात एक बाई उभी. उंच, सावळी, काखेत कापडी पिशवी. "नवी सून पाहायले आली," म्हणाली. सासूबाईंनी तिला बाहेरच्याच खोलीत बसवलं, अर्धा कप चहा दिला आणि आत काही बोलावलं नाही. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "पंडरीवाली आहे ती. आडनाव सारखं आहे, पण आपल्यातली नाही. तिले मावशी म्हणजो. काकू नको म्हणू."

मला हसू आलं होतं. काकू अन् मावशीत एवढं काय? मग कळलं. मावशी कुणालाही म्हणतात, भाजीवालीलाही. काकू म्हटलं की भाऊबंदकी मान्य केली.

तिचं नाव सुलोचना. पंडरीच्या कापड मार्केटच्या मागे दोन खोल्यांत राहते, साड्यांना फॉल-पिको करते. तिचा दावा एकच — तिचे आजेसासरे सीताराम आणि माझ्या सासऱ्यांचे आजोबा गणपतराव हे भाऊ, भिकाजी पिंपळकरांची पोरं. आमच्या घरात मात्र गणपतराव एकुलते एक. माझ्या सासऱ्यांनी ड्रॉइंग शीटवर पट्टीनं रेघा मारून वंशावळ काढली होती. तिच्यात भिकाजींच्या खाली एकच रेघ, सरळ गणपतरावांवर. सीतारामचं नावही नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या घरात कुणी गेलं की ही बाई सुतक धरायची. पूर्ण दहा दिवस. देवाला हात नाही, गोडधोड नाही, कुणाच्या हळदीकुंकवाला जाणं नाही. आम्ही तिला काही मानत नव्हतो, तरी. आणि तिचा नवरा, मधुकर, तो गेला तेव्हा — एकोणीस वर्षं झाली — तिसऱ्या दिवशी आमच्याकडे श्रीखंड होतं. मी स्वतः वेलदोडे कुटले होते.

सासरे गेले तो दिवस सांगते. मी पडद्यांचं कापड घ्यायला पंडरीला गेले होते. दुकानं नुकती उघडत होती, साडेदहा असतील. ही आपल्या ओट्यावर बसलेली दिसली. मशीन बंद, केस मोकळे. मी म्हटलं, "काय मावशी, आज काम नाही?" आणि जवळ गेले, तर तिनं हात वर केला.

"शिवू नको मले. सुतक आहे."

"अरे बापरे! कोण गेलं?"

"मालूम नाही. पहाटेपासून लागलं आहे."

मी तिथंच फिस्सकन हसले. रस्त्यातूनच नवऱ्याला फोन केला — "तुमच्या पंडरीवालीला विनाकारण सुतक लागलंय, ऐका!" तोही हसला. सासरे तेव्हा घरी पेपर वाचत होते. त्यांनीही ऐकलं आणि म्हणाले, "तिले म्हणा, आंघोळ कर, जाते." दीड वाजता जेवून आरामखुर्चीत बसले, पाणी मागितलं, अन् पाणी येईपर्यंत गेले. बीपी नाही, शुगर नाही. त्यांचे सगळे रिपोर्ट मीच काढत होते, दर सहा महिन्यांनी.

योगायोग. मी तेव्हा हेच म्हटलं आणि तुम्हीही आता हेच म्हणत असाल.

दहाव्याला ती घाटावर आली, मागे उभी राहिली. सासूबाईंचा तिला पाहून तोल गेला. दुःखात माणूस काय बोलेल त्याचा नेम नसतो, पण त्या दिवशी त्या फार बोलल्या. "माझा माणूस जिवंत असताना सुतकात बसली तू! काळ्या जिभेची! नातं सांगतेस ना? कागद आण! कागद आण अन् मग पाय ठेव माझ्या दारात!" चार माणसांत. सुलोचनाबाई "हव," एवढंच म्हणाल्या, आणि पायऱ्या चढून गेल्या.

दोन वर्षं गेली. मला एकदा त्यांच्याकडे साडीला फॉल लावून घ्यायला जायचं होतं. जायच्या आधी फोन केला, तर म्हणाल्या, "परवानंतर ये. सुतक आहे." घरातली माणसं मनात मोजली, सगळी जागेवर. म्हटलं, "मावशी, परवानंतर म्हणजे? दहा दिवस नाही?"

"नाही. हे छोटं आहे. तीनच दिवसांचं."

मी यावेळी हसले नाही. लॅबच्या रजिस्टरमध्ये मागच्या पानावर वार-वेळ लिहून ठेवली. मंगळवार, दुपारी बारा वीस. संध्याकाळी अमरावतीहून फोन आला — नवऱ्याची आत्या गेली. आता ज्यांना रीत माहीत आहे त्यांना सांगायला नको. लग्न झालेली लेक दुसऱ्या घरची होते, माहेरी तिचं सुतक तीनच दिवस. सुलोचनाबाईंना आत्याचं नाव तरी माहीत होतं का, देव जाणे. पण दिवस बरोबर माहीत होते! मेलेलं माणूस कुठल्या नात्याचं हेसुद्धा तिला अंगाला कळत होतं? मी रजिस्टर उघडून नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "आईले सांगू नको."

आणि मग मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी त्या स्वतः आल्या. दारात नाही, लॅबवर. हातात नवाकोरा मोबाईल. चौऱ्याहत्तर वय, आयुष्यभर साधा फोन वापरला, आणि आता हा.

"अर्चना, तू शिकलेली आहेस. मले कागद शोधून दे."

"कसला कागद?"

"तुझ्या सासूनं मांगितला तो. मोहल्ल्यातली पोरगी सांगून राहिली होती, आता सरकारी साइटवर जुनी मिसल दिसते म्हणे. तिच्या भावाच्या जातीच्या दाखल्याले काढली त्यांनी."

मिसल म्हणजे आपली तर्रीवाली मिसळ नव्हे — मलाही पहिल्या वेळी तेच वाटलं होतं. इंग्रजांच्या वेळी जमिनीचा बंदोबस्त, म्हणजे मोजणी-नोंद, झाला, तेव्हा गावागावांत कुणाची जमीन, बापाचं नाव काय, हे लिहून ठेवलं. त्या दप्तराला इकडे मिसल म्हणतात. छत्तीसगडात जातीचा दाखला काढायचा तर अर्धं रायपूर तिच्यात आपला खापरपणजोबा शोधत असतं.

मी विचारलं, "आता काहून पाहिजे मावशी? इतकी वर्षं गेली."

त्यांनी पदरानं मोबाईलची काच पुसली. "डॉक्टर म्हणते दिल कमजोर आहे. मले मुलबाळ नाही. ह्यांच्याकडचं कोणी उरलं नाही. माहेरी राजनांदगावले भाचे आहेत, ते तीन दिवस धरतील. तीन दिवसांत काय होते बाई? तीन दिवसांत तर पाहुणेही परत जात नाहीत. माझे दहा दिवस धरणारं एक घर पाहिजे मले. दुसरं काही नको."

मी रक्त काढणारी बाई. मला असलं ऐकायची सवय नाही. मनात ठरवलं, एकदाचं शोधून द्यावं — सापडणार नाहीच — म्हणजे म्हातारीचा जीव सुटेल या नादातून. हो, मी हे त्यांना खोटं पाडायलाच सुरू केलं होतं. लपवून काय करू.

दर रविवारी लॅब बंद झाली की आम्ही दोघी कॉम्प्युटरपुढे. भिकाजींची जमीन धमतरी रोडकडच्या कोसमडीहला होती, यावर दोन्ही घरांचं एकमत होतं. साइटवर जिल्हा, तहसील, गाव निवडायचं, मग नाव टाकायचं. मी टाकलं 'पिंपळकर'. शून्य. हिंदीत ळ कुठून असणार, म्हणून 'पिंपलकर'. शून्य. 'पिम्पलकर', 'पीपलकर'. शून्य, शून्य. तीन रविवार गेले. मी मनात खूश होते, बाहेर चुकचुक करत होते.

सुलोचनाबाई मात्र हटायला तयार नाहीत. घरून वही आणायच्या. तिच्यात त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात दोन्ही घरांची वंशावळ — आमचीसुद्धा! कुणाची बायको कुठली, कोण कुठल्या तिथीला गेलं. माझ्या सासऱ्यांच्या ड्रॉइंग शीटवर बायका नव्हत्याच, नुसते पुरुष. हिच्या वहीत माझी आजेसासू होती, तिच्या माहेरच्या नावासकट. मी म्हटलं, "मावशी, हे कोणी सांगितलं?" तर म्हणाल्या, "विचारलं की सांगतात लोक. फक्त विचारत नाही कोणी." बघा! आम्ही बी.एस्सी., एम.एस्सी. होऊन बसलो अन् आजीचं माहेरचं नाव माहीत नाही.

चौथ्या रविवारी आल्या त्या धापा टाकतच. "अर्चना, पीपरकर टाक!"

"काय?"

"पीपरकर. आत्ता भाजीवालीनं हाक मारली मले — ए पीपरकर दाई, भाजी ले ले. चाळीस साल झाले, बाजारातल्या बायका मले पीपरकरच म्हणतात. छत्तीसगढीत पिंपळाले पीपर म्हणतात नाही का! लिहिणारा पटवारी कोण असंल? छत्तीसगढियाच ना?"

मी टाकलं. एक पान उघडलं.

जुनं हिंदी अक्षर, शाई पसरलेली, पण वाचता येत होतं — 'सीताराम वल्द भिकाजी पीपरकर'. वल्द म्हणजे मुलगा. आणि त्याच्याच खाली, त्याच खात्यात, 'गनपत मुतबन्ना भिकाजी'.

सुलोचनाबाईंनी माझा हात घट्ट धरला. "आहे ना? दोन्ही आहेत ना?"

आणि मी — आजही लाज वाटते — मी पटकन म्हटलं, "मावशी, सीताराम बरोबर आहे. पण हा गणपत आमचा नाही. हा मुतबन्ना आहे, कुणी तेलुगू दिसतो. भिलाईला असतात बघा... अमकण्णा, तमकण्णा. भागीदार असेल." मला खरंच तसं वाटलं होतं. बावीस वर्षं लोकांची नावं रिपोर्टवर टाइप करून माझी नजर नावांवरच जाते. त्यांनी पान नीट पाहिलं, प्रिंट मागितली, घडी घालून पिशवीत ठेवली. "कचेरीपाशी अर्ज लिहिणारा म्हातारा बसते. त्याले विचारते."

पुढच्या रविवारी आल्या नाहीत. मी फोन केला. "जाऊ दे बाई," म्हणाल्या, "तूच खरी. चुकीचं पान होतं ते. आपलं नाही. बंद कर आता शोधणं."

मी जिंकले होते की नाही? हेच हवं होतं ना मला? पण मन काही मानेना. चाळीस वर्षं हटली नाही ती बाई एका आठवड्यात कशी हटली? मी गूगलवर तो शब्द टाकला. मुतबन्ना. पहिल्याच ओळीत उत्तर — जुन्या दप्तरातला फारसी शब्द, अर्थ: दत्तक घेतलेला.

हे आडनाव नव्हतंच. सीताराम भिकाजींचा पोटचा. गणपत, आमचा गणपत, आणलेला. आधी मूल होईना म्हणून घेतला असेल, मग सीताराम झाला असेल, मग काय बिनसलं असेल ते त्यांनाच माहीत. पण ज्यांना आम्ही तीन पिढ्या 'आपल्यातले नाहीत' म्हणत आलो, ते मूळचे होते. बाहेरून आलेले आम्ही.

मी स्कूटी काढली अन् सरळ पंडरी. त्या मशीनवर होत्या. मी दारातूनच म्हटलं, "काकू, तुम्हाला अर्थ कळला होता."

काकू म्हटलं होतं मी. चोवीस वर्षांत पहिल्यांदा, ठरवून नाही, तोंडातून गेलं. त्यांचा पाय मशीनवर थांबला.

"बस. चहा ठेवते."

"चहा नको. काहून खोटं बोलल्या?"

"तुझी सासू ब्याऐंशीची आहे," त्या म्हणाल्या. "जन्मभर 'आम्ही मूळचे' म्हणत ताठ मानेनं जगली. आता तिले जाऊन सांगू, का बाई, तू आणलेल्याच्या घरात आली? माझे दहा दिवस व्हावे म्हणून तिची मान खाली घालू? अशा कागदाचं काय करू मी?"

"मग तुमचं काय?"

"मोहल्ल्यातले लोक नेतील उचलून. बेवारस नाही राहत कोणी." मग एकदम माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला. "तुले माझी शपथ आहे. घरी सांगायचं नाही."

मी घरी येताना तेलीबांध्याच्या सिग्नलवर रडले, हेल्मेटच्या आत. काय बाई आहे ही! जिनं आपल्याला चार माणसांत काळ्या जिभेची म्हटलं, तिच्यासाठी हातातला पुरावा घडी घालून ठेवते. मी आयुष्यात मोठमोठे डॉक्टर पाहिले, साहेब पाहिले. एवढं मोठं काळीज नाही पाहिलं.

आता शपथ. माझा शपथेवर विश्वास नाही, तो नाही ते या एका बाबतीत फार बरं झालं. चार दिवस कसेबसे काढले आणि श्रावणातल्या रविवारी सकाळी सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या, त्यांच्यापुढे त्याच पानाची दुसरी प्रिंट ठेवली. सगळं सांगितलं. पीपरकर, मुतबन्ना, कचेरीतला म्हातारा, शपथ. नवरा दारात उभा राहून मला डोळ्यांनी खुणावत होता — पुरे, पुरे. मी थांबले नाही. हेही सांगितलं की काकूंनी हे तुमच्यापासून लपवायला सांगितलं, अन् का सांगितलं.

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागदावर बोट ठेवून 'सीताराम' वाचलं. मला वाटलं आता स्फोट होतो. पण त्यांनी विचारलं ते भलतंच.

"मधुकरले जाऊन किती वर्षं झाली?"

"एकोणीस."

"हं." उठल्या. शेंगांचं ताट बाजूला सारलं. "बाथरूममधली बादली भर. गरम नको. नळाचं दे."

"आई, आंघोळ झाली ना सकाळी?"

"सुतकाची बातमी उशिरा कळली तर ज्या दिवशी कळली त्या दिवशी लागते," त्या म्हणाल्या. "वर्षावर होऊन गेलं असंल तर दिवस नाही धरायचे. पण डोक्यावरून आंघोळ करा लागते. मले आज कळलं."

नेसत्या लुगड्यानिशी बसल्या त्या पाटावर. मी दारात तांब्या भरून देत होते. पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि म्हणाल्या, "मधुकर." थंडीनं थरथरल्या. दुसरा. "त्याचे वडील, दामोदरमामंजी." तिसरा, "त्यांची बायको, रुक्मिणी." चौथा, "सीताराम." पाचवा, "मधुकरची बहीण, इंदू, बारा वर्षांची होती..." माझ्या हातातला तांब्या राहिला. या बाईला सगळ्यांची नावं माहीत होती. चोवीस वर्षं जिनं त्या घराचं नाव काढू दिलं नाही, तिला त्या घरातलं एकेक मेलेलं माणूस पाठ होतं. पाण्यातलं अन् डोळ्यांतलं वेगळं काढता येत नव्हतं. सात तांबे झाले. मी सहज भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं — लॅबची सवय, सॅम्पल घेतलं की वेळ बघायची. अकराला पाच कमी.

कोरडं लुगडं नेसून आल्या आणि म्हणाल्या, "लाव तिले फोन."

मी लावला. पलीकडून हॅलो नाही, काही नाही. काकूच आधी बोलल्या, आवाज अगदी हलका.

"अर्चना, तुलेच लावणार होती मी. मले आज काहीतरी फिटलं बाई."

"काय फिटलं?"

"सुतक फिटल्यावर वाटते ना, तसं. हे गेले तेव्हापासून कधी पूर्ण फिटलंच नव्हतं मले, दहा दिवस झाले, तेरा झाले, तरी अंगावर होतं. सवय झाली होती म्हणा. आज मशीनवर बसली होती अन् एकदम... उतरल्यासारखं. एकटी रडून राहिली आहे केव्हाची."

"केव्हापासून काकू?"

"अकरा वाजत होते. अकराचा भोंगा व्हायचा होता."

काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. नवरा माझ्यासमोर, सासूबाई माझ्यासमोर. बुढापाऱ्यातून पंडरीला आवाज जायचा तर मधे अख्खं रायपूर आहे.

तुम्ही म्हणाल योगायोग. ठीक आहे, म्हणा. साडेदहाचं सुतक योगायोग, तीन दिवसांचं योगायोग, अकराला पाच कमी हाही योगायोग. मी रोज मशीनमध्ये सॅम्पल घालते, तेच सॅम्पल तीनदा घातलं आणि तीनदा तोच आकडा आला तर आम्ही त्याला चूक म्हणत नाही, रिपोर्ट लिहून देतो. पण हा कशाचा रिपोर्ट लिहू? रक्ताचं नातं म्हणावं तर काकू लग्न करून आलेल्या. त्यांचं रक्त राजनांदगावचं. अन् आमच्यात तर भिकाजींच्या रक्ताचा थेंब नाही, कागदच सांगतो. मग त्यांना जे लागत होतं, जे फिटलं, ते कुठून कुठं जात होतं? कुणाकडे उत्तर असेल तर कळवा, पण कृपा करून पूर्वजन्म वगैरे सांगू नका, मी अजून तेवढी बदलले नाही.

तोवर सासूबाईंनी माझ्या हातातून मोबाईल घेतला होता. केसांतून पाणी गळत होतं. त्या दोघींना फोनवर बोलायची सवय नाही, त्यामुळे त्या जरा ओरडूनच बोलल्या.

"जाऊबाई, मी बोलून राहिली."

पलीकडून हुंदका, आणि मग काकू काहीतरी म्हणाल्या. मला सगळं ऐकू आलं नाही, पण "आता मले मरायले हरकत नाही" एवढं नक्की ऐकू आलं. सासूबाईंनी डोळे पुसले आणि आवाज चढवला.

"मरायची घाई करू नको. पुढच्या महिन्यात महालक्ष्म्या आहेत. एवढं पुरण एकटी मी वाटू काय?"